पिराजी बोक्याला भेटायला आलेली मंडळी

एका जंगलात, जिथे सगळे एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जायचे आणि त्यामुळे कुणाचीच अडचण लवकर मिटायची नाही, अशा एका भल्या जंगलात कृष्णाक्का नावाची अस्वलीण राहत होती.

नीट बसा पोरांनो. ढकलाढकली नको. आजची गोष्ट शूची आहे.

हं, हसा. काय हसायचं ते आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधेमधे खुसखुस नको. शू होत नाही म्हणजे काय होतं हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून हसताय. कृष्णाक्का हसायची नाही.

तर कृष्णाक्का. तिची पिल्लं मोठी होऊन परजंगलात गेली होती. तिकडे म्हणे पोळी मोठी, मध दाट, आणि मधमाश्या चावण्याआधी माफी मागतात. वर्षातून एकदा पिल्लांचा निरोप यायचा, "आई, तब्येतीला जप." कृष्णाक्का तब्येतीला जपायची. दुसरं जपायला तिच्याकडे काही नव्हतं.

मग एका थंडीत पिराजी आला. पिराजी म्हणजे बोका. पिवळा, अंगावर पट्टे, एका कानाला खाच. आला तो सरळ गुहेत शिरला, कृष्णाक्काच्या पोटावर चढला, पायांनी पोट मळल्यासारखं केलं आणि झोपला. कृष्णाक्का दिवसभर हलली नाही. बाहेरून कुणी हाक मारली तर ती नुसता पंजा हलवून 'नंतर या' म्हणायची. त्या दिवसापासून पिराजी तिचा झाला. पिराजीच्या मते ती त्याची झाली.

आता या जंगलात एक रीत होती. कुणी आजारी पडलं की त्याला भेटायला जायचं. सगळ्यांनी जायचं. आणि रिकाम्या हातानं जायचं नाही. घरच्यांनी आलेल्याला मधाचं पाणी द्यायचं. आलेल्यानं 'कशाला, कशाला' म्हणत ते पिऊन टाकायचं. मग आपण आणलेला घास आजाऱ्याच्या तोंडाशी धरायचा. आजाऱ्यानं तोंड फिरवलं तर तो आपला अपमान.

एका हरणाच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा भेटायला आलेल्यांनी त्याला इतका कोवळा पाला भरवला, इतका भरवला, की ते गेलंच. तेराव्याला सगळे म्हणाले, "काही म्हणा, नशीबवान. सगळ्यांच्या हातचं खाऊन गेलं."

अशा जंगलात एका सकाळी पिराजी आजारी पडला.

ओढ्याकाठी थोडी रेती होती. ती पिराजीची शूची जागा. त्या सकाळी तो रेतीत बसला, उठला, पुन्हा बसला. थोडं पुढे जाऊन उकरलं, बसला. काही नाही. मग मागचा पाय वर करून चाटायला लागला. मग ओरडला. कृष्णाक्कानं असं ओरडणं कधी ऐकलं नव्हतं. 

तिनं शेजारच्या तानुबाईला हाक मारली. तानुबाई म्हणजे रानडुकरीण. कृष्णाक्काची सगळ्यात जुनी मैत्रीण. कृष्णाक्का एकदा तापानं फणफणली होती तेव्हा तानुबाई तिच्या उशाशी बसून राहिली होती, स्वतःची पोरं दुसरीकडे ठेवून. अशी मैत्रीण.

तानुबाईनं पिराजीला वरून खालून बघितलं.

"अगं अक्का, पोट साफ नाही त्याचं. माझ्या धाकट्याचं अस्संच व्हायचं. एरंडेल दे."

"पण तो शूला बसतोय गं."

"तुला काय कळतंय कशाला बसतोय? दे म्हणते ना."

दिलं. एरंडेलानं आपलं काम चोख केलं. पिराजी बिचारा दोन्हीकडून हैराण झाला. शू काही झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं खाणं सोडलं. मग उलटी केली. मग कोपऱ्यात अंग मुडपून पडला आणि हाक मारली तरी कान हलवेना. त्याचं पोट कवठासारखं टणक लागत होतं.

कृष्णाक्कानं त्याला उचललं आणि दलदलीकडे पळाली. दलदलीत डॉक्टर ढोक राहायचे. उंच, लांब चोचीचा करकोचा. ते नेहमी एका पायावर उभे असत आणि नेहमी चिडलेले असत. इतका वेळ एका पायावर उभं राहिल्यावर तुम्हीही चिडाल.

ढोकांनी पोट दाबून बघितलं.

"केव्हापासून?"

"कालपासून."

"मग काल का नाही आणलंत?"

"वाटलं, पोट साफ नसेल."

"पोट! सगळ्यांना पोटच वाटतं! अहो, बोक्याची वाट बारीक असते. आत बारीक रेव साचते, ती चिकट होते आणि बूच बसतं. शू आत कोंडते. मग तिचं विष रक्तात जातं. आणखी एक दिवस थांबला असतात तर इकडे आणायची गरजच नव्हती. धरा त्याला. पंजे धरा, पंजे!"

त्यांनी गवताची एक पोकळ, बारीक, गुळगुळीत काडी घेतली. पुढचं मी सविस्तर सांगत नाही, तुमची जेवायची वेळ झाली आहे. पिराजीनं डॉक्टरांच्या सात पिढ्या काढल्या. कृष्णाक्का डोळे मिटून पंजे धरून बसली. आणि मग काडीच्या टोकातून एक थेंब आला. लालसर, रेवाळ. मग दुसरा. मग धार लागली.

कृष्णाक्का ढसाढसा रडली. शूची धार बघून ती रडली. अजून हसायचंय कुणाला?

"आता ऐका," ढोक म्हणाले. "एकदा झालं ते पुन्हा होऊ शकतं. खारवलेली वाळकी मासळी बंद. कायमची. ताजी मासळी द्या, तीही पाण्यात कुस्करून, पातळ. पाणी जितकं पोटात जाईल तितकं चांगलं. आणि घरात शांतता ठेवा. मांजर धास्तावलं की आतून आवळतं. गर्दी नको, गोंगाट नको."

"एवढंच ना?"

"एवढंच," ढोक म्हणाले. "पण तुमच्या जंगलात हे जमणं कठीण दिसतंय मला."

कृष्णाक्का पिराजीला घेऊन घरी आली. गुहेच्या तोंडाशी रांग लागलेली होती.

सगळ्यांच्या हातात पानात बांधलेली पुडकी. आणि पुडक्यांत काय? बोक्याला भेटायला जायचं तर दुसरं काय नेणार? ओढ्यातली पाणमांजरं खडकावर मासळी वाळवायची, मीठ लावून, कडक. त्या आठवड्यात त्यांचे खडक रिकामे झाले.

सदूभाऊ वानर पहिले आत आले. ते पिराजीच्या डोक्यावरच्या फांदीला लोंबकळले, म्हणजे बोलणं थेट आजाऱ्यापर्यंत पोचावं.

"माझ्या साडूच्या ओळखीत एक बोका होता," सदूभाऊ म्हणाले. "अस्संच झालं होतं त्याला. अगदी अस्संच."

"मग?" कृष्णाक्कानं विचारलं.

"गेला. पण तुम्ही काळजी करू नका. हे घ्या, मासळी आणली आहे."

"अहो, डॉक्टरांनी खारं बंद केलंय त्याचं."

"डॉक्टर म्हणणारच. एवढ्याशानं काय होतंय?"

या जंगलात 'एवढ्याशानं काय होतंय' हे वाक्य प्रत्येक जण एकदाच म्हणायचा. म्हणणारे मात्र खूप होते.

आणि कृष्णाक्काला नाही म्हणता यायचं नाही. तिच्या आईलाही यायचं नाही. सगळ्या जंगलात तिची ख्याती होती, अक्काच्या दारातून कुणी नाराज होऊन गेलं नाही म्हणून. ती ख्याती तिला आवडायचीही. तिनं सगळ्यांना मधाचं पाणी दिलं आणि पिराजीच्या तोंडाशी घास जात राहिले.

पिराजीचं म्हणाल तर तो बोका. त्याला शहाणपण कुणी शिकवावं? समोर आलं, खाल्लं. त्याला वाटलं, आजारी पडणं ही फार चांगली गोष्ट आहे. फक्त इतके जण एकदम अंगावर यायला लागले की तो गुहेच्या फटीत जाऊन बसायचा. मग सदूभाऊ त्याला शेपटीला धरून बाहेर काढायचे. "अरे, तुलाच भेटायला आलोय!"

थोडे दिवस गेले आणि पिराजी पुन्हा रेतीत बसून ओरडायला लागला.

या वेळी कृष्णाक्कानं एरंडेल दिलं नाही. तडक दलदल गाठली. पुन्हा काडी, पुन्हा शिव्या, पुन्हा धार.

"खारी मासळी कुणी दिली?" ढोकांनी विचारलं.

"कुणी म्हणजे... सगळ्यांनीच."

"आणि तुम्ही?"

"मी नाही हो दिली! मी फक्त नको म्हटलं नाही."

ढोकांनी पाय बदलला. ते फार चिडले की पाय बदलायचे.

परत आली तर रांग आधीपेक्षा मोठी. कारण आजार आता मोठा झाला होता. शिवाय सगळ्यांचं एकमत होतं की मागच्या वेळी आपण भेटून आलो म्हणूनच पिराजी बरा झाला.

कृष्णाक्कानं युक्त्या करून बघितल्या. म्हणाली, तो झोपलाय. मंडळी तो उठेपर्यंत बसून राहिली, आणि बसल्या बसल्या मधाचं पाणी पुन्हा मागून घेतलं. म्हणाली, त्याला कमी ऐकू येतं सध्या. मंडळी मोठ्यानं बोलायला लागली. शेवटी म्हणाली, आज त्याचा उपास आहे.

"उपास?" पाणमांजर म्हणालं. "मग ही चालते. ही ओढ्याच्या वरच्या अंगाची मासळी आहे."

काय बोलणार, सांगा.

ही बातमी आबासाहेबांच्या सुपासारख्या कानांवर गेली. आबासाहेब म्हणजे हत्ती. जंगलात काही चांगलं झालं की आबासाहेब भाषण करत. वाईट झालं तरी करत. बरेच दिवस जंगलात दोन्ही झालं नव्हतं, त्यामुळे ते जरा कासावीस होते. ते स्वतः कृष्णाक्काच्या दारात आले.

"अक्का, आम्ही पिराजींचा जाहीर सत्कार करायचं ठरवलं आहे. मृत्यूला पुन्हा पुन्हा हुलकावणी देणारा आपल्या जंगलाचा सुपुत्र!"

"आबासाहेब, त्याला शांतता लागते हो. डॉक्टरांनी सांगितलंय."

"शांततेतच करू की. ढोल फक्त सुरुवातीला."

"पण त्याची तब्येत..."

"तुम्ही नाही म्हणताय?" आबासाहेबांनी सोंड वर केली. मागे उभं असलेलं सगळं जंगल कृष्णाक्काकडे बघायला लागलं.

"छे छे, नाही कुठं म्हणतेय," कृष्णाक्का म्हणाली.

म्हणाली ना? कपाळाला हात लावा आता. मीही लावतो.

सत्काराच्या दिवशी सकाळी पिराजीनं रेतीत जाऊन उकरलं, आणि न बसताच परत आला. कृष्णाक्काला ते दिसलं. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण बाहेर मंडळी न्यायला आली होती, ढोल वाजायला लागला होता, आणि बोलावणं मोडायचं कसं? तिनं मनाला समजावलं, दुसरीकडे कुठेतरी करून आला असेल.

मोठ्या वारुळावर पळसाची पानं अंथरून व्यासपीठ केलं होतं. पिराजीला वर बसवला. अंगावर शाल म्हणून केळीचं पान. गळ्यात हार. हार कशाचा? वाळलेल्या खाऱ्या मासळीचा. सदूभाऊंनी स्वतः ओवला होता.

आबासाहेब बोलायला लागले. सुरुवात त्यांनी आपल्या आजोबांपासून केली. आजोबांनी एकदा एका मांजराला वाट दिली होती, तेव्हापासून आमच्या घराण्याचा आणि मार्जारवर्गाचा कसा ऋणानुबंध आहे, वगैरे वगैरे.

आजोबांवरून भाषण वडिलांवर आलं तेव्हा पिराजी केळीच्या पानावर वाकला. शेपूट वर, पाठ कमानीसारखी. सगळं अंग आवळून जोर करत होता. काही होत नव्हतं.

"बघा!" आबासाहेब म्हणाले. "सत्कारमूर्ती कसे नम्रतेनं वाकले आहेत!"

टाळ्या.

पिराजी कळवळून ओरडला.

"त्यांना भावना आवरत नाहीत!"

आणखी टाळ्या. तानुबाईनं डोळे पुसले.

कृष्णाक्का पुढच्याच रांगेत होती. पोरांनो, आबासाहेबांच्या भाषणातून मधेच कुणी उठत नसे. एकदा एक ससा उठला होता. त्याच्या नातवंडांना अजून कुणी बारशाला बोलावत नाही. कृष्णाक्कानं आजूबाजूला बघितलं. सगळं जंगल बसलेलं. मग तिनं वर बघितलं. पिराजीनं उलटी केली, तोंड तसंच खाली ठेवलं, आणि गर्दीत तिला शोधून तिच्याकडे बघितलं. ओरडला नाही. नुसतं बघितलं.

कृष्णाक्का उठली.

"आबासाहेब, बास!"

ढोलवाला दचकून झाडावर चढला.

"माझं पोर मरतंय इथं, आणि तुम्ही टाळ्या कसल्या वाजवताय?"

ती वारुळावर चढली. मासळीचा हार एका हिसड्यात तोडला. पिराजीला मानेला धरून तोंडात उचललं, जशी अस्वलीण आपल्या पिल्लाला उचलते, आणि सगळ्यांच्या अंगावरून पळत सुटली. आबासाहेबांची सोंड हवेत तशीच राहिली. अर्धं भाषणही पोटात तसंच राहिलं.

या वेळी काडी आत जाईना. वाट सुजली होती. ढोकांनी एक काडी बदलली, दुसरी बदलली. पिराजी शिव्या देत नव्हता. कृष्णाक्का म्हणाली, "अरे, दे रे शिव्या. डॉक्टरांना दे, मला दे." पिराजी गार पडत चालला होता. तिनं त्याला पोटाशी धरलं, पहिल्या थंडीत धरलं होतं तसं.

पार ऊन उतरलं तेव्हा काडी आत गेली. आधी नुसतं रक्त आलं. मग बऱ्याच वेळानं शू. ढोकांनी काडी तशीच आत ठेवली, गवतानं बांधली, आणि काही दिवस पिराजीला दलदलीतच ठेवून घेतला.

एका सकाळी पिराजीनं डोळे उघडले, ढोकांकडे बघितलं आणि फिस्कारला.

"वाचला," ढोक म्हणाले.

मग ते कृष्णाक्काकडे वळले. पहिल्यांदाच चिडले नव्हते.

"अक्का, पुन्हा अडलं तर काडी जाणार नाही. कापून वाट मोठी करावी लागेल, आणि ते मी आजवर कधी केलेलं नाही. मी खोटं सांगत नाही तुम्हाला. पुन्हा अडलं तर तो बहुतेक जाईल."

"मला नाही म्हणता येत नाही हो डॉक्टर," कृष्णाक्का रडत म्हणाली. "जन्मात कधी म्हटलं नाही."

"मग शिका. याच्याकडून शिका. शुद्धीवर आल्यापासून मला नाहीच म्हणतोय."

कृष्णाक्का पिराजीला घेऊन घरी आली आणि गुहेच्या तोंडात आडवी बसली. अस्वल आडवं बसलं की वाट उरत नाही.

पहिले आले सदूभाऊ. पुडकं घेऊन.

"परत जा," कृष्णाक्का म्हणाली.

"अहो, आम्ही काय परके?"

कृष्णाक्कानं दात दाखवले. सदूभाऊंना आजवर ते दात फक्त हसताना दिसले होते. ते पुडक्यासकट सगळ्यात उंच फांदीवर गेले आणि तिथून सगळ्या जंगलाला ओरडून सांगू लागले की अक्का माजली. मग पाणमांजरं आली आणि गुरगुर ऐकून आल्या पावली गेली. हे सगळं तसं सोपं होतं.

संध्याकाळी तानुबाई आली.

"तानू, परत जा गं."

"अगं, मी! मी आहे!"

"तू पण."

"मी गर्दी करत नाही बाई. एवढंसं आणलंय बघ. मीठ धुऊन आणलंय, तीनदा धुतलंय. एवढ्याशानं..."

कृष्णाक्कानं तिच्या हातातलं पुडकं घेतलं आणि ओढ्यात भिरकावलं.

तानुबाई बघत राहिली. पुडकं वाहत गेलं.

"तू तापात होतीस तेव्हा मी कंद चावून मऊ करून तुला भरवलेत, अक्का."

"माहीत आहे मला."

"माझी पोरं उपाशी ठेवून."

"माहीत आहे. जा तू."

तानुबाई वळली. जाताना सवयीनं ती "येते हं" म्हणाली. यावर घरच्यांनी "ये हं" म्हणायचं असतं. कृष्णाक्का काही बोलली नाही. तानुबाई दिसेनाशी झाली तेव्हा ती आत गेली आणि पिराजीच्या पाठीत तोंड खुपसून रडली. पाठ ओली व्हायला लागली तसा पिराजी उठून कोरड्या जागी जाऊन बसला.

त्यानंतर कृष्णाक्काला कुणी बारशाला बोलावलं नाही. हळदीकुंकवाला बोलावलं नाही. ओढ्यावर ती आली की बाकीच्या पाणी तसंच टाकून निघून जायच्या. पूर्वी जी जंगलातली सगळ्यात प्रेमळ होती, ती आता सगळ्यात तुसडी झाली. आया आपल्या पिल्लांना भीती घालायच्या, "गप्प झोप, नाहीतर कृष्णाक्का येईल आणि खाऊ फेकून देईल." कृष्णाक्काला हे सगळं कळायचं. वाईटही खूप वाटायचं. खोटं कशाला सांगू?

पण गुहेत शांतता झाली. पिराजी फटीतून बाहेर आला आणि मधोमध पाय पसरून झोपायला लागला. कृष्णाक्का रोज ताजी मासळी धरायची, काटे काढायची, पाण्यात कुस्करून पेज करायची. पिराजीनं आधी ती पेज हुंगून पानासकट पालथी केली. मग दुसऱ्या दिवशीही पालथी केली. मग एक दिवस चाटली. त्याला साचलेलं पाणी आवडायचं नाही, म्हणून कृष्णाक्कानं ओढ्यापासून बांबूची पन्हळ आणून गुहेत बारीक धार सोडली. त्या धारेला जीभ लावून तो तासन् तास बसायचा.

आणि रोज सकाळी कृष्णाक्का त्याच्या मागोमाग रेतीपर्यंत जायची. झुडपाआड उभी राहायची आणि कान द्यायची. रेतीवर धार पडल्याचा आवाज आला की तिचा दिवस सुरू. तुम्हाला गंमत वाटते ना? घरी जाऊन आईला विचारा, तुम्ही तान्हे होतात तेव्हा तिनं कशाकशाचा आनंद मानलाय.

इकडे जंगलाचं काय झालं? पिराजी कुणाला दिसेना. कृष्णाक्का कुणाशी बोलेना. आणि ज्याला कुणी भेटायला जात नाही तो जिवंत असेल हे या जंगलाला पटत नव्हतं. सदूभाऊ म्हणाले, "माझ्या साडूच्या ओळखीतला बोकाही असाच गेला." म्हणजे पिराजी गेला. ठरलं.

आबासाहेबांना हायसं वाटलं. त्यांचं अर्धं भाषण अजून पोटात होतं, आणि अडलेली गोष्ट किती छळते हे आता तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी शोकसभा घेतली. जुनंच भाषण होतं, फक्त 'आहेत' तिथे 'होते' घातलं. झकास बसलं. ओढ्यापलीकडे एक स्मारकाचा दगड उभा केला. रोज कुणी ना कुणी तिथे जायचं, फूल वाहायचं, आणि रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून खाऱ्या मासळीचं पुडकं ठेवायचं. दगडाला आग्रह करावा लागत नव्हता. सगळे समाधानी होते.

एका दुपारी पिराजी हिंडत हिंडत ओढा ओलांडून गेला. कृष्णाक्का मागे होतीच. बघते तो समोर दगड, आणि दगडाच्या पायथ्याशी मासळीचा ढीग. पिराजी थांबला. नाक वर केलं. ढिगाकडे गेला.

कृष्णाक्कानं एक पाऊल उचललं आणि मागे घेतलं. धावावं तर तो बिचकेल. न धावावं तर खाईल.

पिराजीनं मासळी हुंगली. दगड हुंगला. त्याला सगळ्या जंगलाचा वास आला असणार, सदूभाऊंचा, पाणमांजरांचा, आबासाहेबांचा. तो वळला. दगडाकडे पाठ केली. शेपूट ताठ उभी केली, जराशी थरथरवली, आणि धार सोडली. दगडावर, फुलांवर, मासळीवर. लांब, सरळ, न अडखळणारी धार. थांबायला तयार नाही.

"अगबाई!"

झुडपातून तानुबाई बाहेर आली. एका हातात रानफुलं, दुसऱ्या हातात पुडकं.

"अगबाई, पिराजी! आहे की हा! जिवंत आहे!" तिचं तोंड आनंदानं फुललं. "थांब, सगळ्यांना सांगते! सगळे येतील बघ भेटायला!"

"तानू," कृष्णाक्का म्हणाली. "पिराजी गेला."

"काय बोलतेस? हा काय समोर..."

"गेला गं." कृष्णाक्का पुन्हा म्हणाली. तिनं दोन्ही पंजे जोडले होते.

तानुबाईनं पिराजीकडे बघितलं. पिवळं अंग, पट्टे, खाच पडलेला कान. मग जोडलेल्या पंजांकडे बघितलं. मग आपल्या हातातल्या पुडक्याकडे.  मग तिनं पुडकं उघडलं आणि त्यातली मासळी स्वतःच कडाकडा चावून खाऊन टाकली. शेवटच्या तुकड्यापर्यंत.

"खारट आहे मेली," ती तोंड पुसत म्हणाली.

मग पिराजीकडे नाक उडवून म्हणाली, "आणि हा कोण भटका आलाय तुझ्या मागे? पिराजी कसा देखणा होता."

फुलं तिनं दगडावर ठेवली, जरा कोरडी जागा बघून. आणि ओढा उतरून गेली. पलीकडच्या काठावर सदूभाऊ लोंबकळत होते. तानुबाई त्यांना मोठ्यानं सांगत होती, "जाऊन आले बाई दगडापाशी. काय हो गुणी पोर, गेला बिचारा! आता अक्काकडे जाऊन काय उपयोग?"

कृष्णाक्का ते ऐकत उभी राहिली. तिला रडायला येत होतं आणि हसायलाही येत होतं. पिराजीला भूक लागली होती, म्हणून तो घराकडे चालायला लागला.

तात्पर्य: आपल्या जिवलगाला दीर्घायुष्य लाभावं अशी इच्छा असेल, तर तो वारला असं वेळेवर जाहीर करावं. म्हणजे प्रेमळ मंडळी त्याला भरवायचं सोडून दगडाला भरवू लागतात, आणि दगडाची शू अडत नाही.